चमचाभर यीस्ट

जर्मन काकांनी घरी केलेली बिअर मी पहिल्यांदा प्यायलो तेव्हा, त्यांच्याच डेकवर, त्यांच्याच खुर्चीत बसून त्यांना म्हणालो होतो, "छान आहे. पण हिच्यात काही नाहीये."

हे मी इंग्रजीत म्हणालो, त्यामुळे मराठीत वाटतं तेवढं उद्धट वाटलं नसेल, अशी मी नंतर स्वतःची समजूत घातली. बायको म्हणाली, इंग्रजीत जास्तच उद्धट वाटलं.

काकांनी ग्लास उन्हासमोर धरला. पलीकडची पाइनची झाडं त्यातून पिवळी, स्वच्छ दिसत होती.

"बरोबर," ते म्हणाले. "एवढं 'काही नाही' आणायला मला आठ आठवडे लागले."

अमेरिकेत मॉरिसव्हिलला आम्ही घर घेतलं तेव्हा शेजार काय मिळेल याची धाकधूक होती. मिळाले ते हे दोघं. काका बव्हेरियातल्या एका लहानशा गावचे. कारखान्यात मशीन बसवायच्या कामावर तरुणपणी इकडे आले, इथल्याच एका शाळामास्तरणीशी लग्न केलं आणि राहून गेले. त्यांची खरी नावं अवघड नव्हती, पण बायकोने पहिल्याच आठवड्यात त्यांना काका-काकू करून टाकलं. काकूंना ते इतकं आवडलं, की फोनवरसुद्धा त्या "मी काकू बोलतेय" असं म्हणायच्या. पुढचं सगळं इंग्रजीत.

काकू दर रविवारी सकाळी आमच्याकडून विरजण न्यायच्या. आम्ही दह्याचे रिकामे डबे टाकत नाही हे त्यांना चमत्कारिक वाटायचं आणि नंतर पटलं. एकदा त्यांचं दही नासलं. चोरी केल्यासारखा चेहरा करून त्या दारात उभ्या राहिल्या. बायकोने हसून निळ्या झाकणाच्या डब्यात पुन्हा विरजण घालून दिलं आणि म्हणाली, त्यासाठीच तर ते चार घरी देऊन ठेवायचं, आपलं गेलं की मागता येतं. काकूंनी ते इतक्या लक्षपूर्वक ऐकलं, की जणू बायको एखादं सुभाषित सांगत होती. मी तेव्हा तिथेच चहा पीत होतो आणि मला ते बोलणं सामान्य वाटलं. मला पुष्कळ गोष्टी सामान्य वाटतात, हा माझा जुना आजार आहे.

बिअर मात्र मला सामान्य वाटायची नाही. पुण्याला हॉस्टेलवर होतो तेव्हा बिअरचे दोनच प्रकार होते, स्ट्राँग आणि माइल्ड. तिसरा म्हणायचा तर गरम, कारण आणेपर्यंत तशी व्हायची. अमेरिकेत आलो, क्राफ्ट बिअर बघितली आणि बाटलेला माणूस जशी जास्त मोठ्याने बांग देतो तसं माझं झालं. फोनवर एक अ‍ॅप घेतलं. लाकडी फळीवर मांडलेले चार लहान ग्लास समोर आले की मी डोळे मिटायचो आणि म्हणायचो, ग्रेपफ्रूट, पाइन, शेवटाला किंचित ओलं गवत. ओलं गवत मी आयुष्यात कधी खाल्लेलं नाही. पण मित्र माना डोलवायचे. एक-दोघं तर लिहून घ्यायचे.

माझं तीर्थक्षेत्र होतं टायरच्या दुकानाशेजारची एक ब्रुअरी. एक दाढीवाला तरुण ती चालवायचा. आंबा घातलेली, कॉफी घातलेली, मार्शमेलो घातलेली आणि एकदा तर मिरची घातलेली, अशा बिअर त्याच्याकडे असायच्या. त्यातली आंब्याची गढूळ, आयपीए जातीची बिअर मी एकदा काकांसाठी घेऊन गेलो, थोडी धर्मप्रसार करावा म्हणून. त्यांनी पूर्ण ग्लास संपवला. जर्मन माणूस ताटात टाकत नाही, निदान हे तरी टाकत नव्हते. मग रुमालाने तोंड पुसून म्हणाले, "ही बिअर फार बोलते. माझी गप्प बसते. माणसांना बोलू देते."

काकांच्या बिअरमध्ये पाणी, मोड आणून वाळवलेल्या जवाचा माल्ट, हॉप्सची कडवट फुलं आणि यीस्ट, एवढंच. पाचवी वस्तू नाही. तसा त्यांच्याकडचा जुना कायदाच होता म्हणे, आणि पोलीस बघत नसले तरी कायदा मोडायला काकांचा हात धजायचा नाही. ती लागर, म्हणजे थंडीत सावकाश होणारी बिअर. आधी दोन आठवडे गार जागी आंबवायची, मग सहा आठवडे जवळजवळ गोठवून नुसती पडू द्यायची. अमेरिकेची गढूळ आयपीए तीन आठवड्यांत तयार होऊन, डब्यात भरून, ड्रॅगनचं चित्र लावून विकून होते.

यातलं अवघड काय, हे मला कळलं ते वरणामुळे. मिसळ कुणाचीही खपते. तर्री ओतली, वर फरसाण टाकलं की खाली मटकी कच्ची आहे का जळलेली, बघतो कोण. पण साधं वरण वाढायचं म्हणजे छाती लागते. मीठ चिमटीभर इकडेतिकडे झालं तरी पहिल्या घासाला कळतं आणि लपायला जागा नसते. काकांची बिअर वरण होती. आणि मी चार वर्षं मिसळीचा समीक्षक म्हणून मिरवत होतो.

दाढीवाल्याची बाजूही सांगायला हवी, कारण तीही खोटी नाही. मी त्याला काकांचं ते 'फार बोलते' ऐकवलं तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, इथे एक काळ असा होता की किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत सगळी बिअर एकाच चवीची, म्हणजे बिनचवीची मिळायची. "इतकी वर्षं तोंड दाबून ठेवलेला माणूस बोलायला लागला, की आधी ओरडतोच. त्यांना म्हणावं, थोडं थांबा." काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, थांबलोय. पण त्याच्या ब्रुअरीत पाऊल टाकणार नाही म्हणून त्यांनी जे ठरवलं होतं ते ठरवलंच होतं.

काकू गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गेल्या. आजारपण सहा महिन्यांचं होतं. काका दर हिवाळ्यात एक बिअर खास त्यांच्यासाठी करायचे आणि वसंतात दोघं ती डेकवर बसून उघडायचे. यंदा त्या नव्हत्या, पण काकांना ती करायचीच होती. पहिल्या वर्षाला, त्याच तारखेला, त्यांच्या नावाने उघडायची होती. आपल्याकडे ज्याला वर्षश्राद्ध म्हणतात ते मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हो, तेच. फक्त भटजी नाही."

आणि जानेवारीत त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जड काही उचलू नका म्हणून बजावलं. तेव्हा फेब्रुवारीच्या मध्याला त्यांनी मला बोलावलं. मजुरी माझी, सूचना त्यांच्या. गराजमधली भांडी त्यांनी खुर्चीत बसून माझ्याकडून तीनदा घासून घेतली. मग फ्रिजमधून एक लहान बरणी काढली. तारेच्या कडीचं झाकण, खाली पांढुरका साका, वर मळकट पाणी.

हे त्यांचं यीस्ट. गावातल्या ज्या ब्रुअरीत त्यांचे मामा कामाला होते तिथलं. इकडे येताना आणलेलं आणि तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी माल्टचं पाणी पाजून जगवलेलं. ती ब्रुअरी केव्हाच बंद पडली होती. मामाही नव्हते. म्हणजे त्या गावच्या बिअरची जी काही चव जगात उरली होती, ती मॉरिसव्हिलच्या एका फ्रिजमध्ये, लोण्याच्या वडीशेजारी होती. काकांनी बरणी माझ्या हातात दिली आणि दोन गोष्टी सांगितल्या. शुक्रवारी संध्याकाळी मोठ्या बाटलीत माल्टचं पाणी घेऊन त्यात हे मिसळ आणि तुझ्या गराजमध्ये गार जागी ठेव, रविवारी आपण बिअर घालू. आणि त्याआधी चमचाभर बाजूला काढून ठेव.

मी सांगलीचा. आमच्या घरी दही लावताना चमचाभर बाजूला ठेवल्याशिवाय आईने कधी पातेलं झाकलं नाही. मला हे सांगायची गरजच नव्हती. आणि तरीही मी ते केलं नाही. जास्त घातलं तर जास्त जोमाने होईल, असा इंजिनिअरी विचार करून मी सगळी बरणी बाटलीत उपडी केली आणि वर बोटाने पुसूनही घेतली.

शनिवारी सकाळी गराजमध्ये गेलो तर बाटलीत हालचाल नाही. बुडबुडा नाही, फेस नाही. रात्री कडाक्याची थंडी पडली होती. मला वाटलं, गारठलं बिचारं. आता अमेरिकेत राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला हिवाळ्यात गारठलेल्या पिठाचं काय करायचं ते माहीत असतं. ओव्हनमध्ये ठेवायचं आणि आतला दिवा लावायचा. त्या दिव्याच्या उबेवर इथे इडलीचं पीठ फुगतं, दही लागतं, ढोकळा होतो. काका बरणी देताना दोनदा 'गार' म्हणाले होते. पण ते मला जर्मन हट्टासारखं वाटलं. बाटली ओव्हनमध्ये ठेवली आणि दिवा लावला.

आमच्या घरी असं काही आत ठेवलं की ओव्हनच्या बटणावर बायको एक पिवळी चिठ्ठी चिकटवते, 'आत पीठ आहे'. याला इतिहास आहे. पूर्वी एकदा तिने पीठ आत असताना ओव्हन पेटवला होता, आणि झाकण वितळून पिठात उतरलं होतं. तो किस्सा मी दरवर्षी गणपतीत, दिवाळीत आणि कोजागिरीला, साभिनय, लोकांना सांगत आलो आहे. त्या शनिवारी मी चिठ्ठी लावली नाही. हे काही पीठ नव्हे, असं मला वाटलं.

बायको मराठी शाळेत शिकवायला गेली होती. दुपारी मला भूक लागली. फ्रीझरमध्ये समोसे होते. मी ऑफिसच्या कॉलवर कानाला फोन लावून, आपण किती कामं एकदम करतो याचं मनातल्या मनात कौतुक करत, ओव्हन चारशे पंचवीस फॅरनहाइटवर लावला आणि वर गेलो.

वास आधी चांगला आला. पाव भाजल्यासारखा. मग काच तडकल्याचा आवाज आला.

दार उघडलं तेव्हा ओव्हनच्या तळाला तपकिरी पाणी उकळून पापडी धरत होतं. मी कॉलवरच्या माणसांना एक मिनिट म्हणालो, आणि ओव्हनसमोर जमिनीवर बसलो. पहिल्यांदा मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते. मनात आलं, काकांना कळेल का? वाईट वाटणं त्यानंतर आलं, बरंच मागाहून.

राली शहरात घरगुती बिअरच्या सामानाचं एक दुकान आहे. तासाभरात मी तिथे होतो. लागरच्या यीस्टचं पाकीट घेतलं. त्यावर 'जर्मन' लिहिलेलं होतं, याचा मला केवढा आधार वाटला. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या बाटलीत नवं पाणी फसफसत होतं, आणि काकांच्या बरणीत त्याच पाकिटातलं चमचाभर घालून, माल्टचं पाणी ओतून, कडी लावून ठेवलं होतं. रविवारी काकांनी खुर्चीतून विचारलं, चमचाभर काढून ठेवलंस ना? मी हो म्हणालो. त्यांनी बरणी हातात घेतली आणि तळव्याने झाकण थोपटलं.

बायकोपासून लपवणं शक्य नव्हतं. ओव्हन चारदा घासला तरी वास जात नव्हता. मला वाटलं होतं, त्या जुन्या किश्शाची ती आता सव्याज परतफेड करील. ती हसली नाही.

"सांगून टाक त्यांना," ती म्हणाली.

मी म्हणालो, म्हातारा माणूस आहे, आधीच खचलाय, कशाला? यीस्ट ते यीस्ट.

"श्राद्धाच्या पानात हॉटेलातून आणलेलं वाढशील का तू? आणि वर घरचं आहे म्हणशील?"

मी म्हणालो, हे श्राद्ध नाहीये. ती म्हणाली, "तूच त्यांना सांगितलंस ना, आहे म्हणून."

नाही सांगितलं. सहा आठवडे नाही सांगितलं. लागर सावकाश होते याचं मला आतापर्यंत तात्त्विक कौतुक होतं. आता ते सहा आठवडे मी एकेक मोजले. काका रोज संध्याकाळी वॉकर ढकलत त्यांच्या गराजमध्ये यायचे, बिअर ठेवलेल्या खास फ्रिजवरचं तापमान बघायचे आणि समाधानाने मान हलवायचे. मी शेजारी उभा राहून मान हलवायचो. फ्रिजच्या आत एक खोटी बिअर अतिशय शास्त्रशुद्ध रीतीने थंड होत होती.

मार्चअखेरीला पाइनचे पराग उडायला लागले. इथे ते दिवस असे असतात की गाड्या, पायऱ्या, टपालाच्या पेट्या, सगळ्यावर पिवळी पूड साचते. अशा एका दुपारी काका म्हणाले, आज थोडी चाखून बघू. मी लहान ग्लासात काढून दिली. रंग तोच, स्वच्छ. मी एक घोट घेतला. मला ती चांगली लागली. एवढी वर्षं ग्रेपफ्रूट आणि ओलं गवत ओळखणाऱ्या माझ्या जिभेला फरक कळला नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.

काकांनी घोट घेतला, तोंडात धरला आणि गिळला. मग दुसरा घेतला. ग्लास कामाच्या टेबलावर ठेवला.

"ही ती नाही," ते म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत ते हळूहळू बोलत होते. काही चुकलेलं नाही, पाणी तेच, माल्ट तोच, तापमान तर मी रोज बघितलं. म्हणजे माझी जीभ गेली. ऑपरेशननंतरच्या गोळ्यांनी असेल, वयानेही असेल. "ती आजारात शेवटी म्हणायची, कशाला चव लागत नाही. मला वाटायचं, कसं शक्य आहे?" मग थांबून म्हणाले, "मला ती चव आठवतेय असं वाटत होतं. ती पण गेली."

खोटं बोलताना माणूस बऱ्याच शक्यता धरून चालतो. पकडले जाऊ, शिव्या बसतील, संबंध तुटतील, हे सगळं मी हिशेबात धरलं होतं. समोरचा माणूस माझ्या खोट्यासाठी स्वतःच्या जिभेला दोष देईल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मी सांगितलं. ओव्हन, दिवा, समोसे, पाकीट, बरणीतलं चमचाभर, सगळं. त्यांना समोसे म्हणजे काय ते माहीत होतं, आमच्याकडेच खाल्लेले होते. इडलीच्या पिठाचं आणि दिव्याचं मात्र समजावून सांगावं लागलं, आणि अपराध कबूल करताना मध्येच पाककृती सांगावी लागणं किती वाईट असतं ते मला त्या दिवशी कळलं.

बाहेर कुणीतरी पानं उडवायचं यंत्र चालवत होतं.

"म्हणजे माझी जीभ बरोबर आहे," ते म्हणाले.

"हो काका."

त्यांनी डोळे मिटले, आणि क्षणभर त्यांचा चेहरा सुटल्यासारखा झाला. मग पुन्हा आवळला. "आता घरी जा," ते म्हणाले.

पुढचे सहा-सात दिवस त्यांच्या गराजचं दार उघडलं नाही. बायकोने डबा नेऊन दिला, तो त्यांनी घेतला, आभार मानले. मी गेलो तर दार उघडलं नाही. तारीख आठवड्यावर आली होती. शेवटी मी टायरच्या दुकानाशेजारी गेलो. दाढीवाल्याला विचारायचं होतं, बव्हेरियातल्या एका बंद पडलेल्या ब्रुअरीचं यीस्ट जगात कुठे जपून ठेवलेलं असू शकतं का? प्रयोगशाळा, संग्रह, काहीही. त्यासाठी त्याला सगळं सांगावं लागलं. तो हातातलं फडकं तसंच धरून ऐकत होता.

गोष्ट ओव्हनपाशी आली तेव्हा त्याने मला थांबवलं. "कोपऱ्यावरच्या घरातले ते म्हातारे? ज्यांची बायको शाळेत शिकवायची?"

तो आत गेला आणि थंड खोलीतून एक डबा घेऊन आला. आत आता नुसते स्क्रू ठेवले होते. दह्याचा डबा. निळं झाकण. झाकणावर काळ्या मार्करने आमच्या बायकोच्या अक्षरात लिहिलेलं 'विरजण' अजून वाचता येत होतं.

काकू त्याच्याकडे आल्या होत्या, त्याने सांगितलं, दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबरात. बर्फाच्या पिशवीत हा डबा, आणि डब्यात बरणीतलं चमचाभर यीस्ट घेऊन. म्हणाल्या, आमच्या शेजारणीचं म्हणणं आहे, असली गोष्ट एकाच घरात ठेवू नये. तू जगव. आणि नवऱ्याला सांगू नकोस, तो मला घराबाहेर काढेल. हे म्हणताना हसत होत्या.

"मग?" मी विचारलं.

मग त्याने ते जगवलं होतं. एक फिकट लागर त्यावर करत होता. फळ नाही, मसाला नाही, हॉप्स मात्र त्याच्या सवयीने जरा जास्त. फारशी खपत नाही, तो म्हणाला, पण बंद करावीशी वाटत नाही. तिचा नळ रांगेत अगदी शेवटी होता. मी त्या दुकानात इतक्यांदा बसलो होतो आणि ती कधी मागवली नव्हती. फिकट दिसायची. हिच्यात काही नसेल, असं वाटायचं.

त्याने स्क्रू काढून तो डबा दिला, आणि एका बाटलीत यीस्ट भरून दिलं. ती मांडीवर घेऊन, सीटबेल्ट तिच्यावरून लावून मी घरी आलो. काकूंनी सांगू नको म्हटलेलं होतं, आणि आता त्यांना विचारताही येत नव्हतं. बायको म्हणाली, तू आधीच पुरेसं लपवलंयस. तीच माझ्याबरोबर आली, म्हणून दार उघडलं.

काकांनी डबा हातात घेतला आणि सगळं ऐकलं. एकच गोष्ट विचारली.

"कधी म्हणालास?"

"ऑक्टोबर. काकू गेल्या त्याच्या आधीचा."

"ऑक्टोबरात तिचे रिपोर्ट आले होते," ते म्हणाले. आणि डब्यावरच्या त्या अक्षरांवरून, ज्यातलं एकही त्यांना वाचता येत नव्हतं, अंगठा फिरवत राहिले. बायको उठून आत गेली आणि त्यांच्या स्वयंपाकघरात उगाच कप विसळत राहिली.

आठवड्याभरात लागर होत नाही. म्हणून त्या तारखेला, भर दुपारी, मी काकांना टायरच्या दुकानाशेजारी घेऊन गेलो. वॉकरच्या चाकांनी बाहेरच्या परागांत दोन रेघा उमटल्या. भिंतीवरचे ड्रॅगन, मार्शमेलोची पाटी, सगळं त्यांनी एखाद्या इस्पितळाची पाहणी करावी तसं बघितलं. दाढीवाला काउंटरमागून बाहेर आला, हात पुसले आणि त्यांच्यासमोर शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला. मग स्वतः दोन ग्लास भरून आणले. मला आणला नाही. माझी तक्रार नव्हती.

काकांनी एक ग्लास समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला. दुसऱ्यातला घोट घेतला आणि तोंडात धरला. आम्ही दोघं त्यांच्या गळ्याकडे बघत होतो.

"हॉप्स जास्त आहेत," ते म्हणाले.

"हो," दाढीवाला म्हणाला.

काकांनी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. मग ग्लास खाली ठेवला, आणि कुणी काही न विचारता सांगायला लागले, की ती लग्नाआधी बिअर प्यायचीच नाही, तिच्या घरी चर्चमुळे चालायचं नाही, आणि पहिल्यांदा प्यायली तेव्हा तिनेही हेच म्हटलं होतं, की हिच्यात काही नाहीये. माझ्याकडे बघून म्हणाले, "फक्त ती तुझ्यासारखी पाहुणी म्हणून आली नव्हती." मग तिच्या शाळेचं सांगितलं, तिच्या गाडी चालवण्याचं, तिने एकदा त्यांच्या मामांना जर्मनमध्ये लिहिलेल्या पत्राचं. दीड तास ते बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दाढीवाला मध्येच जाऊन गिऱ्हाइकं करून परत यायचा आणि कुठपर्यंत आलं ते विचारायचा.

निघताना समोरचा ग्लास त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "पी. तिला टाकलेलं चालायचं नाही." मी प्यायलो. कोमट झाली होती.

आता त्यांच्या बरणीत पुन्हा साका आहे. ते म्हणतात, अगदी ते नाही, दीड वर्ष त्या घरात राहून बिघडलंय थोडं. पण जगवतात. चमचाभर आमच्या फ्रिजमध्येही आहे, दह्याशेजारी, बायकोच्या पिवळ्या चिठ्ठीसकट. दर तिसऱ्या रविवारी मी त्याला माल्टचं पाणी पाजतो, आणि त्या सकाळी काकांचा फोन येतो. ते नमस्कार-चमत्कार काही करत नाहीत.

"ओव्हन?" ते विचारतात.

"बंद आहे काका."

"उघडून बघ."

मी फोन हातात घेऊन उठतो, ओव्हनचं दार उघडतो, वाकून आत बघतो, आणि मगच सांगतो.